कोल्हापुरात लेकराला घेऊन आलात? गाडीतल्या सीटचं आधी बघा

अकोल्याहून आम्ही इथं आलो त्याला अकरा वर्षं झाली. नवऱ्याला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली होती आणि सोबत तीन वर्षांचा लेक, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा नसणं) असलेला, मान न धरणारा. आता अशीच नवी कुटुंबं मला गाठतात. थेरपिस्ट कोण, शाळा कुठली, तळमजल्यावर घर मिळेल का, हे सगळं विचारतात. गाडीत लेकरू कसं बसवता म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘मांडीवर घेतो की.’ मीही घ्यायचे. पण गाडी धडकली तर दहा किलोचं लेकरूही हातात राहत नाही, आईचे हात असले तरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाही तेच सांगतो: चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट हवी, नाहीतर हजार रुपये दंड.

इथं आल्यावर लवकरच कुणीतरी तुम्हाला उद्यमनगरात पाठवेल. लोखंडाचं काहीही सांगा, संध्याकाळपर्यंत तयार. आम्हीही घरातली सीपी चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खुर्ची, गाडीत बसवून घ्यायला घेऊन गेलो. तिथला कारागीर म्हणाला, ‘वैनी, चार बोल्टात बसवून देतो बघा. हलली तर नाव बदलीन.’ खरंच हलली नाही. मान पडू नये म्हणून कपाळाला बांधायचा पट्टाही लावून दिला. महिन्याभरानं फिजिओथेरपिस्टबाईंनी गाडीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सीपी चेअर ही जेवायला, लिहायला बसायची खुर्ची, धडक सोसायला बनलेली नाही. आणि तो पट्टा तर सगळ्यात वाईट. ब्रेक लागला की धड पुढं जातं, बांधलेलं डोकं मागंच राहतं, सगळा झटका मानेवर. त्याच रात्री आम्ही बोल्ट काढले. ओढणीनं डोकं बांधणाऱ्या आया मला अजून भेटतात, म्हणून एवढं लिहिलं.

उद्यमनगरात उंबऱ्याचा रॅम्प करून घ्या, न्हाणीघरातली दांडी करून घ्या. कारसीट मात्र धडकेची चाचणी झालेलीच घ्या. तिच्यावर आर ४४ किंवा आर १२९ असं, कारसीटच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाचं लेबल असतं. जुनी कुणी फुकट दिली तरी अपघातातून गेलेली नाही ना, हे विचारा.

वय बघू नका, वजन आणि उंची बघा. उभं राहत नसेल तर गादीवर झोपवून टेपनं मोजा. मान धरत नसेल तर मागं तोंड करून बसवायची सीट जितकी वर्षं चालेल तितकी चालवा. धडकेत पाठ, मान, डोकं सगळं एकदम पेललं जातं आणि सीट थोडी कललेली राहिल्यानं हनुवटी छातीवर पडून श्वास अडकत नाही. अशी सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही लावू नका. लेकरू मोठं झालं की दुकानदार लगेच बूस्टर, म्हणजे नुसती उंची वाढवणारी बैठक, पुढं करतो. बूस्टरवर गाडीचाच बेल्ट लागतो आणि धड सावरता न येणारं मूल त्यातून एका बाजूला ओघळतं. आर ४४ च्या पाच पट्ट्यांच्या बऱ्याच सीट अठरा किलोवरच थांबतात, म्हणून घेतानाच जास्त वजनाला पट्टे चालणारी शोधा. पैसे भरण्याआधी लेकराला त्यात बसवून, आपल्याच गाडीत लावून बघा.

उशा, गाद्या पाठीमागं किंवा पट्ट्याखाली घालायच्या नाहीत, पट्टा सैल पडतो. पट्टे आवळून झाल्यावर कमरेपासून डोक्यापर्यंत दोन्ही बाजूंना टॉवेलच्या वळकट्या लावा. पाय ताठ करून खाली घसरत असेल तर मांड्यांच्या मध्ये, मधला पट्टा आणि लेकरू यांच्यामध्ये एक छोटी वळकटी. कुठं किती, हे तुमच्या थेरपिस्टकडून एकदा गाडीतच दाखवून घ्या. ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यातून घातलेली नळी) असेल तर समोर ट्रे किंवा गादीचा आडोसा असलेली सीट नको.

ऑटिझम असलेली मुलं बक्कल उघडतात, तिथं पाठीमागून बंद होणारं, गाडीत बांधायचं पट्ट्यांचं जॅकेट उपयोगी पडतं. पण तेही चाचणी झालेलंच.

व्हीलचेअर या गावाला नवी नाही, नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था १९८४ साली इथंच उभी केली. तरी मुलाला व्हीलचेअरसकट गाडीत चढवायचं असेल तर ती आयएसओ ७१७६-१९ या, गाडीत वापरायच्या व्हीलचेअरच्या मानकाप्रमाणे चाचणी झालेली, तोंड पुढं केलेली, चार पट्ट्यांनी जमिनीला आवळलेली हवी आणि मुलाला बेल्ट वेगळा. जमत असेल तर त्याला सीटवर घ्या आणि रिकामी खुर्ची डिकीत बांधून टाका. ऑक्सिजनचा सिलिंडरही बांधूनच.

सीपीआरमधलं, म्हणजे इथल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयातलं, दिव्यांग प्रमाणपत्र लवकर काढा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून सीपी चेअर मिळू शकते, ती घरात वापरा.

उपचाराला मिरजेला जावं लागलं तर पन्नासेक किलोमीटर आहे. मागं लेकराशेजारी एक मोठं माणूस बसू दे, विशेषतः झटके येत असतील तर. वाटेत हातकणंगल्यात गाडी थांबवा, चहा नंतर. आधी त्याची मान सरळ करा, पट्टा खांद्याशी चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर सैल आहे, आवळा आणि मग निघा.