पाणी नितळ दिसलं म्हणून फसू नका

सपाट मैदानातल्या लहान नदीची तब्येत बघायला निघालेल्या नवख्यांना मी आधीच सांगतो: पाण्याच्या रंगावर जाऊ नका. मी गेलो होतो. भर दुपार, पाणी आरशासारखं, मीटरवर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 11 मिलिग्रॅम. वहीत ‘उत्तम’ लिहून मोकळा झालो. पुढे पहाटे त्याच जागी मोजलं तर जेमतेम 3! शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. 25 अंशाच्या पाण्यात हवेतून साधारण 8.3 मिलिग्रॅमच मावतो, त्यामुळे आकडा त्याच्या फार वर गेला की मला आता आनंद नाही, संशय येतो. मीटर मी सूर्योदयाआधीच बुडवतो.

बाकीचं काम उजाडल्यावर. 500 मीटरचा पट्टा घ्या, दर 50 मीटरवर थांबा. ब्रिटनमधल्या रिव्हर हॅबिटॅट सर्व्हेची, म्हणजे नदीचं पात्र आणि काठ तपासायच्या ठरीव पाहणीची, ही रीत आहे, आणि दहा थांबे एका सकाळी आटोपतात. चालायचं मात्र खालून वर, प्रवाहाच्या उलट. नाहीतर आपणच ढवळलेला गाळ आपल्या पुढे पुढे जातो.

थांब्यावर आधी काठी तळात खुपसायची. वाळू लागली की खडे, की काठी हातभर रुतली? वर काढल्यावर टोकाला काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर तळाशी ऑक्सिजन नाही असं समजा. मग काठ बघा: सावली, लव्हाळा, पाण्यात उतरलेली मुळं, कपारी, आडवं पडलेलं खोड. असं खोड लोक ‘साफसफाई’ म्हणून ओढून काढतात, तेव्हा मला राग येतो. मैदानी नदीला दगडधोंडे कमी असतात. माशांना आडोसा आणि प्रवाहाला वळण तेच देतं. दहाही थांब्यांची नोंद सारखीच निघाली तर नदी सरळ खोदून तिचा कालवा केलेला असण्याची शक्यता मोठी.

शेवटी जाळी, पाण्यातले किडे धरायला. एकूण तीन मिनिटं, पण ती तळ, मुळं, पाणवनस्पती यांत वाटून. पांढऱ्या ताटलीत ओतून थोडं थांबा, मग हालचाल दिसू लागते. पोटाच्या कडेला कल्ले हलवणारी मेफ्लाय या किड्याची पिल्लं, वाळूकणांचं घर पाठीवर वागवणारी कॅडिस या किड्याची अळी दिसली तर चांगलंच. लाल अळ्यांनी दचकू नका. तो रंग हिमोग्लोबिनचा, कमी ऑक्सिजनात तग धरायची सोय. चिखल आहे तिथे त्या असणारच. ताटलीत त्यांच्याशिवाय दुसरं काहीच नसेल, तेव्हा काळजी करा. आणि थंड, वेगवान पाण्यात राहणारा स्टोनफ्लाय हा किडा इथे नाही म्हणून नदीचे गुण कापू नका.

मोजून झालं की सगळे जीव जिथून घेतले तिथेच सोडा. पूर येऊन गेला असेल तर काही आठवडे जाळी घरीच ठेवा. किडे वाहून गेलेले असतात आणि चांगल्या नदीचीही ताटली रिकामी दिसते.