कोकणातल्या मांडवात बर्फातली आगगाडी

नाटक खुनाच्या रहस्याचं. काळ १८७०च्या दशकातला, गाडी अमेरिकेच्या रॉकी पर्वतात अडकलेली, आणि प्रयोग वेंगुर्ल्याच्या उघड्या मांडवात. खाऱ्या दमट हवेत बर्फासाठी मीठ वापरू नका. तासाभरात पाणी सुटतं आणि नट घसरतात. कापूस हॅलोजनजवळ पेट घेतो.

बर्फ फक्त खिडकीबाहेर पाडा. दहा फूट लांब, तीन फूट रुंद मांजरपाट घ्या. लांबीच्या एकाच बाजूला अंगठा जाईल एवढी भोकं पाडा. दोन्ही लांब कडा दोन बांबूंना बांधून झोळी करा, तीत पतंगाच्या पांढऱ्या कागदाचे सेंटिमीटरभर तुकडे भरा. भोकांकडचा बांबू दोरीने हलकेच हलवा. कागद आदल्या दिवशी भरलात तर ओल धरून गोळे पडतील. झाडून गोळा केलेला तर पुन्हा कधीच भरू नका, त्यात खिळे असतात.

बर्फातली पावलं म्हणजे जाड कापडी पिशवीत घट्ट भरलेलं अर्धा किलो कॉर्नफ्लोअर. माइकजवळ मुठीत दाबलं की करकर वाजतं. ओलसर झालं की मुकं होतं, म्हणून पडदा उघडेपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. इंजिनासाठी लाकडाच्या दोन ठोकळ्यांना पॉलिश पेपर चिकटवून घासा: चाकाच्या एका फेरीला चार फुसकारे. चढावर ते लांबत जातात.

आता रहस्य: डबे सोडले कुणी? त्या काळी डबे लोखंडी कडी आणि वरून घातलेल्या खिळीने जोडत. ब्रेकवाले टपावर चढून हाताने चाक फिरवत. १८७२चा स्वयंचलित एअरब्रेक गाडीला लावलात, तर डबे सुटताच ब्रेक आपोआप लागतील आणि कथा तिथेच बसेल. हातब्रेकचीच गाडी ठेवा.

जोड ताणलेली असताना खिळी निघत नाही. मागच्या डब्यांचे हातब्रेक आवळून इंजिन जरा मागे घेतलं, तरच ती सैल होते. तेव्हा ‘थोडं मागे घ्या’ असं ड्रायव्हरला कोण म्हणालं, हाच खरा पुरावा. ते वाक्य पहिल्या प्रवेशात चहाच्या गडबडीत सहज जाऊ द्या.

खिळी लाकडाची नको, पडल्यावर खणकली पाहिजे. फूटभर लोखंडी सळी आठवडाभर पडवीत ठेवा, गंज आपोआप चढेल. तो पुसू नका. खुन्याच्या पांढऱ्या हातमोज्यावर त्याचाच तांबूस डाग उमटवायचा आहे. मोज्यांचे दोन जोड ठेवा, डाग धुऊन जात नाही.