एक्सेलची पीडीएफ करताना कॉलम तुटू नयेत म्हणून काय करायचं

सोसायटीच्या एजीएमसाठी हिशोबाची पीडीएफ काढायची असते, स्क्रीनवर शीट मस्त दिसत असतं आणि पीडीएफ उघडली की थकबाकीचा कॉलम एकटाच दुसऱ्या पानावर. लगेच कुणीतरी सांगतं, 'फिट शीट ऑन वन पेज' कर. मोठ्या शीटला हे अजिबात करू नका.

आधी पेज लेआउटमध्ये साइझ ए४ करा (बऱ्याचदा लेटर असतं, ते ए४ पेक्षा रुंद पण आखूड), कॉलम जास्त असतील तर पान आडवं करा. मग हवा तेवढाच भाग सिलेक्ट करून सेट प्रिंट एरिया.

आता खरी गोची, स्केलिंग, म्हणजे छापताना शीट किती टक्के लहान करायचं ते. विड्थला १ पेज ठेवा आणि हाइट ऑटोमॅटिकच राहू द्या, म्हणजे सगळे कॉलम एका रुंदीत बसतात आणि ओळी खाली हव्या तेवढ्या पानांवर जातात. दोन्हीकडे १ टाकलं की सगळ्या फ्लॅटची यादी एकाच पानात कोंबली जाते, स्केल ४० टक्क्यांवर आला तर ११ पॉइंटचं अक्षर साडेचार पॉइंटचंही राहत नाही, आणि नोटीस बोर्डावर लावलेल्या कागदाला कोणी झूम करू शकत नाही. माझं ठाम मत, ७०च्या खाली जायचंच नाही, त्यापेक्षा मार्जिन कमी करा किंवा नको असलेले कॉलम हाइड करा.

आणखी एक, हे कळेपर्यंत मी फार वैतागलो होतो. विंगप्रमाणे पान तोडायला तुम्ही हाताने पेज ब्रेक टाकता आणि एक्सेल ते मानतच नाही. कारण फिट चालू असताना, म्हणजे विड्थ किंवा हाइटला पानांचा आकडा दिलेला असताना, हाताने टाकलेले ब्रेक धरलेच जात नाहीत. तेव्हा विड्थ, हाइट दोन्ही ऑटोमॅटिक करा, स्केल स्वतः टाका, ७५ वगैरे, आणि व्ह्यूमधल्या पेज ब्रेक प्रिव्ह्यूमध्ये निळ्या रेषा बघा, तुटक रेषा एक्सेलची, सलग रेषा तुमची. एखादा कॉलम तुटक रेषेपलीकडे गेला असेल तर स्केल अजून थोडा उतरवा.

मराठी नावं असतील तर ओळींची उंची थोडी वाढवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. कॉलमही जरा सैल ठेवा, काठोकाठ बसलेली रक्कम पीडीएफमध्ये #### होऊन येऊ शकते.

प्रत्येक पानावर हेडिंग यायला प्रिंट टायटल्स. ते पेज लेआउटमधूनच उघडा, प्रिंटच्या स्क्रीनवरून पेज सेटअप उघडलं तर तो ऑप्शन बंद दिसतो.

शेवटी सेव्ह ॲज, पीडीएफ, त्यात 'स्टँडर्ड' निवडा, 'मिनिमम साइझ' नको, लोगोसारखी चित्रं धूसर होऊ शकतात. ऑनलाइन कन्व्हर्टरवर तर ही फाइल टाकूच नका, त्यात लोकांची नावं आणि थकबाकी आहे. स्क्रीनशॉटची पीडीएफही नको, त्यात फ्लॅट नंबर सर्च करता येत नाही. पाठवण्याआधी फाइल मोबाइलवर उघडून शेवटचं पान बघा, बेरीज बहुतेक तिथेच असते.