गुदाशयाच्या ऑपरेशननंतर पोटाची घडी कशी बसवायची

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न येतो, "पिशवी लागणार का?" म्हणजे मल गोळा करायला पोटावर लावायची पिशवी. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. कायमची पिशवी असलेले आणि गुदद्वार वाचलेले रुग्ण यांची तुलना झाली आहे, आणि तीत पिशवीवाल्यांचं जगणं हटकून वाईट असतं असं दिसलेलं नाही. म्हणून सर्जनना आणखी दोन गोष्टी विचारा: आतड्याचा जोड गुदद्वारापासून किती सेंटीमीटरवर येईल, आणि रेडिएशन होणार का? जोड जितका खाली तितका पुढचा त्रास जास्त, आणि रेडिएशनने त्यात भर पडते.

गाठ लहान, वरवरची असून गुदद्वारातूनच काढली असेल, तर शौचाच्या सवयी फारशा बदलत नाहीत. तपासण्या मात्र चुकवू नका.

खरी कसरत जोडवाल्यांची. गुदाशय ही मल साठवायची जागा. तिच्याऐवजी वरचं आतडं खाली ओढून जोडलं, तरी ते तेवढं साठवत नाही. मग तासाभरात चार-पाच फेऱ्या, एकदम येणारी घाई, वायू आहे की मल हे न कळणं. तात्पुरता स्टोमा (मल बाहेर यायला पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) बंद केल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत अवघड. सुधारणा साधारण वर्ष-दोन वर्षं होत राहते.

एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर वहीत फेऱ्या लिहा. सुरुवात इसबगोलने: एक चमचा अर्ध्या ग्लास पाण्यात कालवून लगेच प्यायचं, कोरडं कधीच नाही. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून लोपेरामाइड (जुलाब आवरणारी गोळी) 2 मिलिग्रॅम, जेवणाच्या अर्धा तास आधी. इथे हमखास चूक होते ती अशी: गोळ्या वाढवल्या की दोन दिवस मल साचतो, तिसऱ्या दिवशी दिवसभर संडासातच मुक्काम. त्यापेक्षा कमी डोस, पण रोज. गुदद्वाराचे स्नायू 5 सेकंद आवळून सोडायचे, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. शौचानंतर पाण्याने धुऊन टिपून घ्या, घासू नका; वर झिंक ऑक्साइडचं मलम. एवढं करूनही आवरलं नाही तर गुदद्वारातून पाणी सोडून आतडं धुण्याची पद्धत आहे, पण जोड नीट भरल्याचं सर्जननी सांगितल्यावरच, आणि प्रशिक्षित नर्सकडून शिकूनच.

पिशवीचं बरंचसं गणित ती पोटाला चिकटवणाऱ्या चकतीच्या भोकावर आहे. स्टोमा मापपट्टीने मोजा आणि भोक त्याहून साधारण 2 मिलिमीटर मोठं कापा. सूज उतरत असल्याने पहिले 6 ते 8 आठवडे स्टोमा आकसतो. जुन्याच मापाने कापत राहिलात तर उघड्या राहिलेल्या कड्यावर मल बसून कातडी सोलवटते. लोक दोष चिकटपट्टीला देतात. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, नाहीतर वजनाने चकती सुटते.

लहान आतड्याच्या स्टोमातून दिवसाला दीड लिटरहून जास्त पाणी जात असेल तर नुसतं पाणी पिऊन भागत नाही, उलट जास्त वाहतं. ओआरएस घ्या आणि डॉक्टरांना कळवा. मोठ्या आतड्याचा कायमचा स्टोमा असेल तर परवानगीने एक दिवसाआड 500 ते 1000 मिलिलिटर कोमट पाण्याने तो धुता येतो. मधल्या वेळात पिशवी बरीचशी कोरडी राहते.

गुदद्वारही काढलं असेल तर खालची जखम सावकाश भरते. बसायला सपाट मऊ उशी घ्या. भोकाची नको, ती कडा ताणते. गुदद्वार नसतानाही शौचाला आल्यासारखं वाटणं हा भास आहे, आणि तो बऱ्याच जणांना होतो.

लघवी अडणं, ताठरता न येणं, योनी कोरडी पडणं हे ओटीपोटातल्या नसा दुखावल्याने किंवा रेडिएशनने होतं. डॉक्टर बहुधा आपणहून विचारत नाहीत, तुम्हीच विषय काढा. औषधं, वंगण, कॅथेटर (लघवी काढायची नळी) असे उपाय आहेत.

स्टोमा काळा-जांभळा पडला, किंवा मळमळ आणि कळांबरोबर त्यातून काहीच येईनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका, तडक इस्पितळ गाठा. जोडवाल्यांनी तापाबरोबर ओटीपोटात दुखू लागल्यासही तेच करायचं.