तुरुंगात आरोग्याचं सत्र घेताय? या चुका टाळा

बराक न बघता बोलायला जाणं ही सगळ्यात मोठी चूक. मीही केली आहे. विषय होता खरूज. कपडे गरम पाण्यात धुवा, अंथरूण उन्हात टाका, शेजाऱ्यापासून लांब झोपा, असं मी सांगत सुटले. मागून एकजण म्हणाला, "मॅडम, आम्ही कूस बदलायची तरी शेजारच्याला विचारून बदलतो." हशा पिकला. मग मी घाईघाईने म्हटलं, निदान कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. दारातला शिपाई म्हणाला, "पिशवी आत चालत नाही." तिथेच माझं सत्र आटोपलं.

आता मी आधी बराक बघते, पाणी किती वेळ येतं ते विचारते, मग तोंड उघडते. खरजेचं मलम एकट्यादुकट्याने लावून भागत नाही. खाज असो-नसो, अख्ख्या बराकीने एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, सकाळी अंथरूण-कपडे बदलायचे, आठवड्याने पुन्हा तेच. आणि किडे मेले तरी खाज दोन-तीन आठवडे राहते, हे आधीच सांगा. नाहीतर चौथ्या दिवशी "औषध बोगस आहे" ही बातमी बराकभर होते, आणि पुढच्या वेळी तुमचं कोणी ऐकत नाही.

दुसरी चूक पाहिली की माझं डोकं फिरतं: "कोणाला त्रास आहे? हात वर करा." शिपाई उभा, शेजारी वैरी बसलेला, आणि तिथे कोण सांगणार की मला एचआयव्ही आहे? चिठ्ठ्यांची पेटीही नको. अक्षर ओळखू येतं. मी सत्रानंतर वीस मिनिटं तशीच बसून राहते. "माझ्या एका दोस्ताला..." असं म्हणत माणसं येतात. दोस्त कोण, ते विचारायचं नाही. पण नवख्यांना सत्र उरकून गेटबाहेर पडायची घाई.

वाचता न येणाऱ्याला पत्रक देऊ नका, त्याचा पंखा होतो.

कावीळ बी आणि सी वर बोलताना सामायिक ब्लेड आणि गोंदणाची सुई यांचा विषय टाळलात, तर बोललाच नाहीत.

औषध मिळवून देण्याचं वचन देऊ नका.

टीबीबद्दल "दोन आठवडे खोकला राहिला तर सांगा" एवढ्यावर थांबू नका. उपचार साधारण ६ महिन्यांचे असतात, आणि कच्च्या कैद्याला जामीन कधी मिळेल याचा नेम नाही. माणूस संध्याकाळी सुटतो, गोळ्या आतच राहतात. म्हणून बाहेर कुठल्या दवाखान्यात जायचं आणि सुटताना कुठला कागद मागून घ्यायचा, हे मी पहिल्याच दिवशी सांगते आणि तिघा-चौघांकडून परत वदवून घेते.