एडीएचडीची गोळी चालू असताना पळायचं, खेळायचं कसं?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी अवस्था, आणि मिथाइलफेनिडेट ही तिच्यावरची गोळी. ती सुरू झाली की कॉलेजातल्या पोरापोरींचा पहिला प्रश्न असतो, जिम चालू ठेवू का, मॅच खेळू का. माझ्या धाकट्या भावानेही हेच विचारलं होतं. खेळा, नक्की खेळा, एडीएचडीत व्यायामाचा फायदाच होतो, फक्त ही गोळी अंगात काय करते ते आधी समजून घ्या, कारण मुंबईच्या दमट हवेत तिचा एक परिणाम खरंच जिवावर बेतू शकतो.

गोळी मेंदूतली डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही निरोप पोचवणारी रसायनं जास्त वेळ टिकवून धरते, त्यामुळे लक्ष लागतं. स्नायूंची ताकद वाढत नाही, पण दमल्याची जाणीव उशिरा होते. बेल्जियममधल्या संशोधकांनी 2008 मध्ये एडीएचडी नसलेल्या तयारीच्या सायकलपटूंना 20 मिलिग्रॅम देऊन बघितलं, तर 18 अंशाला काहीच फरक पडला नाही, 30 अंशाला मात्र ठरवून दिलेलं सायकलिंग त्यांनी गोळी नसतानापेक्षा साधारण 16 टक्के कमी वेळात संपवलं, आणि बहुतेकांच्या अंगातलं तापमान 40 च्या वर गेलेलं असूनही त्यांना नेहमीपेक्षा जास्त दमल्यासारखं वाटलंच नाही. 30 अंश म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेला सकाळी नऊ वाजताच होतात, वर घाम वाळत नाही ते वेगळंच.

म्हणून पहिलं काम, व्यायाम वाढवायच्या आधी डॉक्टरांना नीट सगळं सांगा. पळताना कधी चक्कर येऊन पडलात का, छातीत दुखतं का, घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलंय का. यातलं काही असेल तर ते ईसीजी काढायला लावतील, कंटाळा करू नका.

मग स्वतःची नाडी ओळखा. सकाळी उठल्यावर, गोळी आणि चहा दोन्हीच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून मनगटावर 30 सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. आठवडाभर लिहून ठेवा. नंतर गोळी घेतल्यावर दोनेक तासांनी तसंच मोजा. सरासरी चार-पाच ठोक्यांची वाढ नेहमीची आहे, पण नुसतं बसलेलं असताना धडधड जाणवत असेल किंवा आकडा सतत शंभराच्या वर असेल तर जिम राहू दे, डॉक्टरांना फोन करा. आणि त्यात प्री-वर्कआउट पावडर किंवा एनर्जी ड्रिंक अजिबात घालू नका, ते पण उत्तेजकच आहे.

वेळेचं गणित सोपं आहे. साधी गोळी तीन-चार तास चालते, हळूहळू सुटणारी आठ ते बारा तास. लांब पळायचं, जोरात धावायचं ते शक्यतो पहाटे, गोळीच्या आधी उरकून घ्या. शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्हला सहाच्या आधी गेलात तर ऊनही नसतं. गोळीची वेळ किंवा डोस मात्र स्वतःच्या मनाने हलवायचा नाही, मॅच आहे म्हणून तर नाहीच.

गोळीच्या तासांतच खेळायची वेळ आली तर 'अजून दम आहे' या वाटण्यावर विश्वास ठेवू नका, घड्याळावर ठेवा. किती मिनिटं खेळायचं ते आधीच ठरवा, वीस मिनिटांनी सावलीत थांबायचंच, मित्राला सांगून ठेवा की मला बाहेर काढ. खेळायच्या आधी आणि नंतर वजन करा, एक किलो कमी भरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलंय, ते मीठ-साखर घातलेल्या लिंबू सरबताने हळूहळू भरून काढा. कुणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला तर लगेच सावली, अंगावर गार पाणी, पंखा आणि 108.

हातापायांच्या कौशल्याचं चित्र मात्र बरंच चांगलं आहे. एडीएचडीत एक चेंडू झेलला जातो आणि दुसरा तसाच हातात येऊनही सुटतो, कारण प्रतिक्रियेचा वेळ दरवेळी बदलतो, गोळीने हा चढउतार कमी होतो. भावाच्या स्लिप कॅचिंगमध्ये मला हे स्पष्ट दिसलं, हात तेच, पण नजर चेंडूवरून हलत नव्हती. उलटी बाजू पण आहे. मुलांच्या हस्ताक्षरावरच्या अभ्यासांत गोळीने अक्षर सुधारलं पण लिहिण्याचा ओघ अडखळला, कारण मुलं प्रत्येक अक्षर जपून काढायला लागली. बोलिंग अ‍ॅक्शन, तबला, मल्लखांब असं अंगवळणी पडलेलं काही अचानक अवघडल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, हालचालीकडे कमी आणि चेंडूकडे, तालाकडे जास्त लक्ष द्या. हात थरथरत असतील, कटिंगचा ग्लास धरताना कळतं बघा, तर तेही डॉक्टरांना सांगा.

खाणं. गोळीने भूक मरते आणि मग पोरं रिकाम्या पोटी वजनं उचलतात. पोहे-अंडी काय ते गोळीच्या आधी खाऊन घ्या, दुपारचा डबा भूक नसली तरी अर्धा संपवा, रात्री भूक परत येते तेव्हा पोटभर जेवा.

मित्राने परीक्षेला किंवा मॅरेथॉनला एक गोळी मागितली तर द्यायची नाही म्हणजे नाही. हे शेड्यूल एक्सचं, म्हणजे कायद्याने विक्रीवर कडक बंधन असलेलं औषध आहे, प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात आणि एक केमिस्टकडे राहते, ती उगाच नाही. सायकलपटू टॉम सिम्पसन 1967 च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर उन्हात कोसळून गेला, त्याच्या अंगात अ‍ॅम्फेटामिन सापडलं होतं, आणि ते याच जातीचं औषध.

स्पर्धा खेळत असाल, जिथे डोप टेस्ट होऊ शकते अशी, तर मिथाइलफेनिडेट वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धेच्या काळासाठी बंदी असलेलं आहे. डॉक्टरांकडून निदानाचे कागद घेऊन नाडाकडे, म्हणजे आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेकडे, उपचारासाठीच्या सवलतीचा, म्हणजे टीयूईचा अर्ज स्पर्धेच्या निदान 30 दिवस आधी करा. अ‍ॅटोमॉक्सेटिन या एडीएचडीवरच्या दुसऱ्या औषधावर अशी बंदी नाही, पण ते तुम्हाला चालेल का हे डॉक्टरच ठरवतील.