गळतं कुठून, दिसतं कुठे : इंजिन ऑइलच्या गळतीत या चुका टाळा

पाऊस उघडला की बेळगावच्या अनगोळातल्या आमच्या गॅरेजात एकाच तक्रारीच्या गाड्या लागतात. चार महिने दारात चिखल असतो, खाली काय पडतंय ते कुणाला दिसत नाही. दिवाळीला फरशी घासली की दुसऱ्या दिवशी त्यावर काळा डाग उमटतो आणि मालक धावत येतो. धावत यावं, तक्रार नाही. पण येताना रोगाचं नावही घेऊन येतात. "इंजिनचं सील गेलंय ओ, मोबाइलवर बघितलं मी." मग माझ्याकडे कशाला आलात?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जिथे थेंब लोंबतो तिथेच गळती आहे असं धरून चालणं. ऑइल वरून खाली ओघळतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं, आणि शेवटी चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, एखाद्या कोपऱ्यावरून टपकतं. खाली ओलं दिसतं, दुखणं वर असतं.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. गॅरेज टाकून वर्ष झालं असेल. खानापूरच्या एका गुरुजींची गाडी आली. इंजिन आणि गेअर बॉक्सच्या सांध्यातून टपटप चाललेली. मी खाली सरपटलो, सांधा ओला बघितला आणि "क्रँकचं मागचं सील" म्हणून मोकळा झालो. इंजिनचा फिरता दांडा मागे जिथे बाहेर येतो तिथलं ते रबरी कडं. त्याची किंमत काहीच नाही हो, पण ते बदलायला अख्खा गेअर बॉक्स उतरवावा लागतो. दीड दिवस घातला, पैसे घेतले, गाडी दिली. आठ दिवसांनी गुरुजी परत दारात. "ते तसंच गळायलंय की!"

तेव्हा बैलहोंगलकडचा एक पोरगा माझ्याकडे काम शिकत होता. त्याने बॉनेट उघडलं, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागे हात घातला आणि काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरून म्हणाला, "अण्णा, इल्लिंद सोराकत्तैती." इथून गळतंय. कव्हरचं रबरी पॅकिंग मागच्या कोपऱ्यात लाकडासारखं कडक झालं होतं. तिथून निघालेलं ऑइल इंजिनच्या पाठीवरून उतरून बेल हाउसिंगवर, म्हणजे त्याच गेअर बॉक्सच्या सांध्यावर, साचत होतं. पाऊण तासाचं काम. मी मजुरी परत केली. गुरुजी एवढे भले की जाताना कुंद्याचा डबा ठेवून गेले. तो कुंदा काही माझ्या घशाखाली उतरला नाही.

तेव्हापासूनची माझी सवय : आधी आहे तसं इंजिन टॉर्च लावून वरून खाली बघायचं. मग थंड इंजिनवर ब्रश आणि डीग्रीजर. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या कनेक्टरांवर प्लास्टिकची पिशवी. (पेट्रोलने इंजिन पुसणाऱ्याला मी दुकानात उभा करत नाही.) कोरडं पुसून संशयाच्या सांध्यांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची, फिरत्या बेल्टांवर नको, आणि पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. पांढऱ्यावर काळी रेघ उठते. नाही उठली, तर तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत फेरी मारून या, परत बघा. तरी नाही सापडलं तर दोन दिवस गाडी वापरा, मग बघू. सगळ्यात वरचा ओला भाग, तोच चोर. यात अवघड काही नाही, फक्त थांबायला लागतं, आणि नव्या पोरांना नेमकं तेच जमत नाही. डाग दिसला की हातात पाना.

मुळात ते ऑइल आहे का, हेही बघा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा. एसीचं स्वच्छ पाणी बघून घाबरलेले लोक मला दर उन्हाळ्यात भेटतात. हिरवट किंवा गुलाबी असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी.

दुसरा माझ्या रागाचा विषय म्हणजे शिलिकॉन, सांधे बुजवायची ट्यूबमधली पेस्ट. एकदा चोर्लामार्गे गोव्याला निघालेली एक गाडी कणकुंबीजवळून टोचन करून माझ्याकडे आली. ऑइलचा लाल दिवा लागल्याबरोबर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, शहाणा माणूस. ऑइल मोजायची पट्टी काढली तर ऑइल पूर्ण. चेंबर उतरवलं आणि पंपाच्या जाळीत शिलिकॉनच्या शेवया! आधी कुणीतरी गळती थांबवायला अख्खी ट्यूब पिळली होती. बाहेर जेवढं दाबून निघतं तेवढंच आतही निघतं, हे त्याच्या गावी नव्हतं. जाळी तुंबली, पंपाला ऑइल मिळेना. शिलिकॉन कंपनीने सांगितलं असेल तिथेच, बारीक रेघ, दोन्ही बाजू तेलकटपणा न ठेवता पुसून. मग ट्यूबवर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्यायचं. रबरी पॅकिंग कोरडंच बसतं.

गळतंय म्हणून बोल्ट आवळत सुटणं हाही एक आजार. टॅपेट कव्हरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. जास्त आवळलं की कव्हर वाकतं आणि आणखी गळतं. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचा ड्रेन नट असाच आवळून आटे घालवलेत, तर उद्यमबागेत लेथवाल्याकडे इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची बुश, बसवून मिळेल, सोबत बोलणीही. नटाचा वॉशर मात्र दर ऑइल चेंजला नवा टाका.

ऑइल फिल्टर काढल्यावर जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलंय का, बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर ऑइल पिचकारीसारखं उडतं.

नवं सील दोन महिन्यांत परत गळलं तर सीलला शिव्या देऊ नका. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलाय का बघा. आतला दाब बाहेर जायला वाट नसेल तर कुठलंही सील टिकत नाही.

गळती बंद करणारी बाटली? मी टाकत नाही.

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. स्टँड नसतील तर घरी हे काम करूच नका.

जुन्या इंजिनला थोडा घाम सुटतोच. दर रविवारी सपाट जागी पट्टी बघा, पातळी हलत नसेल तर खुशाल गाडी चालवा. पण ऑइल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडून जळका वास येत असेल तर गाडी त्याच दिवशी आणा. आणि कृपा करून वाटेत वॉशिंग सेंटरला प्रेशरने इंजिन मारून आणू नका, मला ते घाणच बघायचं असतं.